पोथीतली बंगाली, बोलीतली बंगाली

१९१६ साली कोलकात्याच्या वंगीय साहित्य परिषदेने दोन पुस्तके छापली आणि बंगाली भाषेचे लिखित वय एकदम काही शतकांनी वाढले. पहिले हरप्रसाद शास्त्रींचे. नेपाळच्या दरबार ग्रंथालयात १९०७ मध्ये त्यांना ताडपत्रांवर लिहिलेली बौद्ध सिद्धांची गाणी सापडली होती. ही चर्यापदे म्हणजे हजार वर्षांपूर्वीची बंगाली, असे म्हणून त्यांनी ती वाचकांपुढे ठेवली. दुसरे पुस्तक बसंतरंजन राय यांनी संपादिलेले. बांकुडा जिल्ह्यात विष्णुपूरजवळच्या काकिल्या गावी, एका घरच्या गोठ्यात, १९०९ मध्ये त्यांच्या हाती एक पोथी लागली होती. सुरुवातीची आणि शेवटची पाने गेलेली, त्यामुळे ग्रंथाला नावसुद्धा संपादकालाच द्यावे लागले. बडू चंडीदास नावाच्या कवीच्या त्या राधाकृष्णकाव्याला आज सगळे ‘श्रीकृष्णकीर्तन’ म्हणतात.

त्याच १९१६ मध्ये लंडनला ‘स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज’ या संस्थेला राजाची सनद मिळाली. आज तिला सोआस म्हणतात. तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, कोलकात्याहून सुनीतिकुमार चॅटर्जी नावाचा तिशीला टेकलेला अध्यापक सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला आला. युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनिएल जोन्स यांच्याकडे तो ध्वनिशास्त्र शिकला, बार्नेट यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, आणि जोडीला जुनी इंग्रजी, जुनी आयरिश, गॉथिक असे जे मिळेल ते शिकून घेतले. १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाने त्याला डी. लिट. दिली. त्या कामातून वाढत गेलेला बंगालीच्या उगमाचा आणि विकासाचा दोन खंडी इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये कोलकात्यात छापून आला. जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी मध्ययुगीन बंगालीविषयी बोलायचे तर तो उघडावाच लागतो.

मराठी वाचकाने या ग्रंथाकडे आपुलकीने पाहावे असे एक कारण आहे. लंडनहून सुनीतिबाबू पॅरिसला गेले ते झ्यूल ब्लॉक यांच्याकडे. ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला होता. एखाद्या आधुनिक भारतीय भाषेचा ध्वनी, रूपे आणि शब्द यांच्या अंगाने, संस्कृत-प्राकृतापासून आजपर्यंत असा शिस्तीने मांडलेला इतिहास तोवर झालाच नव्हता. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. सुनीतिबाबूंनी बंगालीसाठी नमुना म्हणून पुढे ठेवला तो हाच मराठीचा इतिहास. त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली जॉर्ज ग्रियर्सन यांनी, जे निवृत्तीनंतर इंग्लंडच्या सरे परगण्यात कॅंबर्ली गावी बसून भारतातल्या भाषांची पाहणी खंडामागून खंड छापत होते. त्यांचा बंगालीचा खंड १९०३ चा, मराठीचा १९०५ चा.

नमुना मिळाला तरी बंगालीपुढची अडचण मराठीपेक्षा फार मोठी होती. आपल्याकडे तेराव्या शतकाच्या शेवटी ‘लीळाचरित्र’ आहे, म्हणजे चालत्याबोलत्या माणसांचे गद्य आहे, आणि १२९० ची ज्ञानेश्वरी आहे. बंगालीत चर्यापदांनंतर सुमारे दीडशे वर्षे भरवशाने हाती धरावे असे काहीच सापडत नाही. गद्य तर अठराव्या शतकापर्यंत जवळपास नाहीच. पत्रे, दस्तऐवज, खतपत्रे एवढेच. कोचबिहारच्या नरनारायण राजाने आहोम राजाला १५५५ मध्ये लिहिलेले पत्र जुन्या बंगाली गद्याचा दाखला म्हणून दाखवतात, आणि त्यावरही असमियांचा तितकाच हक्क आहे. चर्यापदांवर तर असमिया, ओडिया, मैथिली असे सगळेच हक्क सांगतात. मला तो वाद सोडवण्याजोगा वाटत नाही, कारण ती गाणी रचली गेली तेव्हा या भाषा एकमेकींपासून पुरत्या वेगळ्या झालेल्याच नव्हत्या.

दुसरी अडचण लोकप्रियतेची. कृत्तिवासाचे रामायण पंधराव्या शतकातले, पण ते इतके गायले, वाचले, उतरवले गेले की प्रत्येक लेखनिकाने जुने रूप काढून आपल्या काळचे घातले. आज कृत्तिवासाच्या नावावर जी भाषा आहे ती बहुतांशी पुढच्या लेखनिकांची आहे. ज्ञानेश्वरीचेही असेच होत चालले होते, म्हणून १५८४ मध्ये एकनाथांनी बसून पाठ शुद्ध केला. कृत्तिवासाला एकनाथ भेटला नाही. ‘श्रीकृष्णकीर्तन’ वाचले ते मात्र कुणी फारसे न वाचल्यामुळे. त्यातली राधा-कृष्णाची भांडणे पुढच्या वैष्णवांना रांगडी वाटली असावीत. पोथी हातोहाती फिरली नाही आणि चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या आसपासची भाषा तीत बऱ्यापैकी तशीच राहिली.

त्या भाषेत मराठी माणसाला काय दिसते? राधा चालली की तिथे ‘चलिली’ येते, गेली की ‘गेली’. क्रियापदाला स्त्रीलिंग आहे. आजच्या बंगालीत राधा असो की कृष्ण, दोघांनाही ‘गॅलो’ एवढेच. म्हणजे आपण सहज म्हणतो ती ‘गेली’ एके काळी बंगालच्या पश्चिमेकडच्या राढ प्रदेशातही म्हणत होते, आणि मधल्या दोन-तीन शतकांत बंगालीने लिंगाचे ओझे उतरवून ठेवले. आणखी एक गंमत सर्वनामाची. जुन्या प्राकृतातल्या ‘अम्हे’पासून मराठीत ‘आम्ही’ झाले आणि बंगालीत ‘आमि’. ‘श्रीकृष्णकीर्तना’त ते अजून ‘आह्मे’ असे हकार सांभाळून आहे. पण आज बंगाली माणूस ‘आमि’ म्हणतो ते ‘मी’ या अर्थाने. एकवचनी ‘मुइ’, जे आपल्या ‘मी’चे सख्खे भावंड, ते हळूहळू गावंढळ ठरले, ‘आमि’ एकवचनात उतरले आणि मोकळ्या पडलेल्या अनेकवचनासाठी नवा ‘रा’ प्रत्यय लावून ‘आमरा’ तयार झाले. हा ‘रा’ सर्वनामांना लागलेला प्रथम दिसतो तो याच काकिल्याच्या पोथीत. भविष्यकाळाचेही असेच. संस्कृत ‘कर्तव्य’मधला ‘तव्य’ मराठीत ‘करावे’ होऊन विध्यर्थाला गेला. बंगालीत तोच ‘करिब’, ‘कोरबो’ होऊन भविष्यकाळ झाला. आपण ज्याला कर्तव्य म्हणत राहिलो, ते त्यांनी पुढे घडणारे म्हणून मांडले.

भाषा बदलत होती ती राजकीय उलथापालथीच्या काळात. १२०४ च्या सुमारास बख्तियार खिलजीने नदिया घेतले. चौदाव्या शतकाच्या मध्यात शमसुद्दीन इलियासशहाने सगळा बंगाल एका सत्तेखाली आणला आणि दिल्लीपासून तोडला. दरबाराचा कारभार फारसीत, शास्त्रीपंडितांचा संस्कृतात. तरीही देशी भाषेला जो आधार मिळाला तो बराचसा या सुलतानांच्या आणि त्यांच्या सरदारांच्या वर्तुळातून, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भागवताच्या दहाव्या-अकराव्या स्कंधांवर ‘श्रीकृष्णविजय’ रचणाऱ्या मालाधर बसूंना गौडच्या सुलतानाने ‘गुणराज खान’ ही पदवी दिली. हे काव्य १४७३ ते १४८० मधले. चित्तगावचा सुभेदार परागल खान याला महाभारत ऐकायचे होते, म्हणून कवींद्र परमेश्वराने ते बंगालीत आणले. त्याच्या मुलाने, छुटी खानाने, श्रीकर नंदीकडून अश्वमेधपर्व करवून घेतले. बहामनी काळात मराठीने जे सोसले आणि जे मिळवले त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. संस्कृत ही एकच साहित्यभाषा मानणारा दरबार गेला आणि देशी बोलीला वाट मोकळी झाली, इतके तरी नक्की म्हणता येते.

या सगळ्या रचनेचे वाहन होते पयार छंद: चौदा अक्षरे, आठवर विराम, मग सहा. ओवीसारखा तो गद्याचीही कामे करतो. रामायण, मनसा आणि चंडी या देवींची मंगलकाव्ये, चरित्र, तत्त्वचर्चा, बाजाराची यादी, सगळे पयारात. मुकुंदराम चक्रवर्तींच्या ‘चंडीमंगला’त सोळाव्या शतकाच्या शेवटचा बंगाल इतक्या तपशिलाने येतो की केंब्रिजचे संस्कृत पंडित ई. बी. कॉवेल यांना त्याचे काही भाग इंग्रजी पद्यात उतरवल्याशिवाय राहवले नाही. फारसी-अरबी शब्द आले, सुनीतिबाबूंच्या मोजणीने सुमारे अडीच हजार. जमीन, कागद, कलम, बाजार, उकील, आपल्याला ओळख करून द्यायला नकोत असे. पोर्तुगीजांकडून चाबी, बालती, आलमारी आले, जसे आपल्याकडे चावी आणि पाव आले. ब्रजबुली नावाची, कुणीच घरी न बोलणारी, मैथिली-बंगाली मिश्र काव्यभाषा वैष्णव कवींनी घडवली. दूर आराकानच्या दरबारात सतराव्या शतकाच्या मध्यात आलाओल या कवीने जायसीच्या ‘पद्मावत’वरून बंगाली ‘पद्मावती’ लिहिली. पूर्वेकडच्या अशा मुसलमान कवींच्या पोथ्या चित्तगावच्या अब्दुल करीम साहित्यविशारदांनी गावोगाव हिंडून जमवल्या नसत्या, तर मध्ययुगीन बंगालीचे अर्धे चित्र आपल्यापुढे आलेच नसते.

आणि वैष्णव संत चैतन्य. त्यांचा काळ १४८६ ते १५३४. संस्कृतातच चालणाऱ्या धर्मचर्चेला त्यांच्या अनुयायांनी बंगालीत ओढले आणि बंगालीला पहिल्यांदा प्रत्यक्ष होऊन गेलेल्या माणसाचे सविस्तर चरित्र लिहिण्याची सवय लावली. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’त दक्षिणयात्रेत चैतन्य पंढरपुरी येतात, विठ्ठलाचे दर्शन घेतात आणि तिथेच त्यांना कळते की संन्यास घेऊन घरातून गेलेला आपला थोरला भाऊ याच क्षेत्री देह ठेवून गेला. पंढरीच्या वाळवंटाशी बंगाली साहित्याचा असा धागा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

भाषेच्या दृष्टीने मात्र मला याहून मोलाचा प्रसंग वाटतो तो वृंदावनदासांच्या ‘चैतन्यभागवता’तला. तरुण निमाई, म्हणजे पुढचे चैतन्य, नवद्वीपच्या, म्हणजेच नदियाच्या, रस्त्यावर श्रीहट्टची माणसे भेटली की त्यांच्या उच्चाराची नक्कल करून त्यांना भंडावून सोडत. श्रीहट्ट म्हणजे सिलहेट. ती माणसे चिडून विचारीत, अरे, तुझे आईबाप तरी कुठले? वडील जगन्नाथ मिश्र सिलहेटचेच होते. पाचशे वर्षांपूर्वी बंगालीत कुठल्या प्रकारचे बोलणे प्रतिष्ठेचे आणि कुठले चेष्टेचे हे ठरू लागले होते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. व्याकरणकार अजून जन्मले नव्हते. नदियाचा पाणवठा आणि पाठशाळा हेच काम करत होते.

छपाईने ते पक्के केले. पहिले बंगाली व्याकरण पोर्तुगीज मिशनरी मानुएल द आसुंसाव यांनी ढाक्याजवळच्या भावाल भागात लिहिले आणि १७४३ मध्ये लिस्बनला रोमी लिपीत छापले. त्यात पूर्वेकडची बोली होती. ते विसरले गेले. टिकले ते नॅथॅनिएल हॅलहेड या ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज नोकराचे, १७७८ मध्ये हुगळीत छापलेले व्याकरण. त्यासाठी चार्ल्स विल्किन्स यांनी पंचानन कर्मकार यांच्या हातून बंगाली अक्षरांचे खिळे पाडून घेतले. हॅलहेड यांनी उदाहरणे घेतली ती पयारातल्या जुन्या काव्यांतून, आणि फारसी शब्दांची त्यांना अढी होती. त्यांच्या मते शुद्ध बंगाली ती, जी संस्कृताच्या जवळ. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या दरबारात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना पर्याय देण्याचे काम सत्ताधाऱ्यांनी स्वतः हाती घेतले होते. बंगालीला ही गाळणी लावली ती परक्या अधिकाऱ्याने, आणि पुढे कोलकात्याच्या पंडितांनी ती अधिक बारीक केली. हॅलहेड यांनी जमवलेल्या पोथ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमने घेतल्या. १९०५ मध्ये ब्लूमहार्ट यांनी तिथल्या हस्तलिखितांची जी सूची छापली तीत बंगाली आणि मराठी पोथ्या एकाच पुठ्ठ्यात आहेत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पण ब्रिटनमध्ये मध्ययुगीन बंगालीचा दुसराही एक साठा आहे आणि तो ग्रंथालयात नाही. कोलकात्याहून सुटणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढणारे खलाशी मोठ्या संख्येने सिलहेटचे होते. काही लंडनच्या गोदीत उतरून राहिले, त्यांच्यामागे भाऊबंद आले, आणि ब्रिटनमधल्या बांगलादेशी कुटुंबांत आजही सिलहेटींचीच बहुसंख्या आहे. २०२१ च्या जनगणनेत पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये दर शंभरांत चौतीस-पस्तीस जण बांगलादेशी मुळाचे निघाले. ब्रिक लेनवरची मशीद १७४३ मध्ये फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली, पुढे ती ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून जामे मशीद आहे. भावालच्या व्याकरणाचे आणि या इमारतीचे साल एकच निघावे हा योगायोग मला विसरता येत नाही.

या घरांतले सिलहेटी कान देऊन ऐकले तर ‘श्रीकृष्णकीर्तना’च्या नंतरच्या पोथ्या आठवत राहतात. प्रमाण बंगालीत ‘मला’ म्हणजे ‘आमाके’, सिलहेटीत ‘आमारे’. हा ‘रे’ मध्ययुगीन काव्यात जागोजाग आहे. ‘मी जाईन’ला कोलकात्यात ‘जाबो’, सिलहेटीत ‘जाइमु’. ‘करिमु’, ‘जाइमु’ ही रूपे पूर्वेच्या जुन्या हस्तलिखितांत भेटतात आणि त्यांचा नातेसंबंध शेजारच्या असमियाशी आहे. शिवाय या बोलीला स्वतःची लिपी होती. तिला सिलोटी नागरी म्हणत. ती कैथीच्या कुळातली, बत्तीसच्या आसपास अक्षरांची, जोडाक्षरे कमीत कमी ठेवणारी. पंडितांच्या वाटेला न गेलेले शेतकरी, खलाशी आणि बायका तिच्यात प्रेमकथा आणि पीरांच्या कहाण्या वाचत. एकोणिसाव्या शतकात सिलहेटच्या मौलवी अब्दुल करीम यांनी तिचेही खिळे पाडले आणि छापखाना घातला. १९७० च्या दशकापर्यंत ती छपाई थांबली. २००५ मध्ये युनिकोडने लिपीला जागा दिली तेव्हा तिच्यासाठी झटणाऱ्यांत लंडनकर होते.

सिलहेट १८७४ पासून फाळणीपर्यंत प्रशासनाने असमला जोडलेले होते. ज्या काळात कोलकात्यात शाळा, वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मिळून प्रमाण बंगाली घडवत होत्या, त्या काळात हा जिल्हा त्या घडणीच्या कडेला राहिला. म्हणून सिलहेटीला ‘बिघडलेली बंगाली’ म्हणणे हे इतिहासाच्या दृष्टीने साफ चूक आहे. मध्ययुगात बंगालीच्या अनेक वाटा होत्या. त्यातली एक रुंद झाली, एवढेच. बिघडायला आधी एक शुद्ध रूप असावे लागते, आणि सोळाव्या शतकात तसे रूप कुठेच नव्हते. सुनीतिबाबूंनी आपल्या ग्रंथात बोलींना भरपूर जागा दिली आहे; दोष त्यांचा नाही. पण इंग्लंडच्या शाळांत बंगाली विषय घेणारे सिलहेटी मूल जे शिकते ती नदिया-कोलकात्याची भाषा असते. घरी आजी जे बोलते ते पेपरात लिहिले तर चूक ठरते. अहिराणी किंवा मालवणी घरातून आलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशी मुले पुढे आजीची बोली चारचौघांत बोलायची टाळतात आणि प्रमाण बंगालीही त्यांची होत नाही. शेवटी घरात इंग्रजी उरते. जनगणनेतही सिलहेटी बंगालीच्याच रकान्यात मोजली जाते. त्या रकान्यात २०११ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे २ लाख २१ हजार माणसे होती, २०२१ मध्ये सुमारे २ लाख. त्याच दहा वर्षांत बांगलादेशी मुळाची लोकसंख्या मात्र वाढली.

२०१२ पासून सोआसच्या विद्यार्थ्यांनी उत्तर लंडनमधल्या कॅम्डेनच्या सुरमा सेंटरमध्ये सिलहेटी बोलणाऱ्यांबरोबर बसून ही बोली ध्वनिमुद्रित करायला घेतली. हे काम त्या समाजकेंद्राने मागितले म्हणून सुरू झाले, आणि त्यामुळेच ते मला सर्वांत आशादायक वाटते. इथे एक प्रश्न असा आहे की तो पोथ्यांवरून सुटणारच नाही. सिलहेटीत ‘प’ ओठांत सैल होऊन ‘फ’कडे गेला आहे, पाण्याला ‘फानी’ म्हणतात. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांतला हकार गळाला आहे. पण गळताना तो मागे सूर ठेवून गेला. घोडा आणि भुकटी या दोन्हींसाठीचा शब्द सिलहेटीत ‘गुरा’सारखाच ऐकू येतो, घोड्याचा उच्चार उंच सुरात होतो, भुकटीचा होत नाही, आणि ऐकणाऱ्याला अर्थ तेवढ्यावरून कळतो. पंजाबीत हेच घडले आहे. बंगाली लिपीत लिहिणारा लेखनिक मात्र सवयीने ‘घ’च काढत राहिला, त्यामुळे हा बदल कधी झाला, निमाईने नक्कल केली ती याच सुराची होती का, हे कागद सांगत नाही. त्याची उत्तरे शोधायची तर वयस्क सिलहेटी बायकांचे बोलणे आवाजासकट टिपावे लागते, सूर मोजावे लागतात, चित्तगाव आणि काछाडच्या बोलींशी ताडावे लागतात. कॅम्डेनमध्ये त्यातले टिपण्याचे काम सुरू झाले आहे.